मारुतीच्या पायरीवरची खूण

हा किस्सा आमची ही फार छान सांगायची. आता ती नाही, म्हणून मीच सांगतो.

बहात्तरच्या दुष्काळानंतर वालूरकडे कालव्याचं काम चाललं होतं. कालवा आमच्या खात्याचा, मागाहून झालेली, शेतात पाणी नेणारी चारी दुसऱ्या खात्याची. उंची दोघांनी एकाच खुणेवरून मोजायची, असं ठरलेलं. ती खूण आम्ही गावातल्या मारुतीच्या पायरीवर रंगवली होती.

पाणी सुटलं आणि चारीच्या तोंडाशीच थांबलं. चारी हातभर उंच झाली होती. पलीकडे कोंडिबाचा गहू वाळत होता आणि इकडे दोन्ही साहेब नकाशे उघडून भांडत होते.

"आम्ही खुणेवरूनच मोजलं!"

"मग आम्ही काय आभाळावरून मोजलं?"

सरपंच अभिमानाने म्हणाले, "खूण जशीच्या तशी हाय, साहेब. मधी देवळात पाणी शिरायलं होतं, म्हणून पायरी हातभर उचलून बसवली. पर तुमची खूण कुणाला पुसू दिली न्हाई."

दोन्ही साहेबांनी नकाशे मिटले.

कोंडिबा पुढे आला. "म्हंजी तुमचं बरोबर, त्यांचं बरोबर, देवाचंबी बरोबर. मग चुकला कोण, माझा गहू?"