केरबानं आसरांची ओटी भरली

ऐका गं बायांनो. आन् तू रं, खांबाला टेकून पेंगतोयस, तूबी ऐक. कंदील बारीक करा. ही गोष्ट लख्ख उजेडात सांगायची न्हाई.

आपल्या तळ्याच्या वरच्या अंगाला माळ हाय ना, तिथं केरबा तोडकराचं कोंबड्यांचं शेड हुतं. माणूस वाईट नव्हता बरं का! देवाला भिणारा, लेकीवर जीव टाकणारा. पण आळशी! त्या साली कोंबड्यांना मर लागली. रोज सकाळी दहा-बारा चोची वासून पडलेल्या. खोल खड्डा खणावा, चुना टाकून पुरावं, हे त्याला ठावं हुतं. पण माळ मुरमाड, पहार मारली की ठिणगी उडायची. मग दिवस मावळला की गडी पोतं भरायचा, आन् करंजाच्या वाटेनं जाऊन ओढ्याच्या डोहात सोडायचा. म्हणायचा, वाहत्या पाण्याला घाण चिकटत न्हाई.

आता तो ओढा जातो कुठं? सांगा की! आपल्याच तळ्यात. तळ्याचं पाझरतं आडात, आन् आडातलं आपल्या घागरीत. गावात पोरं जुलाबानं आडवी पडली. हौसाचं तान्हं तर डोळं फिरवाय लागलं. तवा हाच केरबा पारावर बसून म्हणायचा, "कुणीतरी करणी केलीया."

त्याची लेक मालन सातव्या महिन्यात माहेरी आलेली. दुसऱ्या दिवशी तिची ओटी भरायची. हिरव्या बांगड्या, खण, नारळ, सगळं मांडून ठेवलेलं. जेवताना ती म्हणाली, "आबा, पाणी वास मारतंय."

"तुझ्या नाकालाच डोहाळं लागल्यात!" म्हणून केरबा हसला. हात धुतला, आन् पोतं उचलून निघाला. बघा, काय काळीज असंल!

चांदणं असं, की वाटेवर दूध सांडल्यागत. वारा न्हाई, किडा न्हाई. केरबा चालतोय, चालतोय. पायाखालची वाट मऊ मऊ लागाय लागली. डोहापाशी आला, तर काठावर सात बाया! केस मोकळं, पाय पाण्यात. अशा अवेळी बाया कशा, हे मनात यावं का न्हाई? पण त्याला भ्याच वाटंना. केवड्याचा वास सुटलेला. डोळं जड झालं.

"आलास व्हय दादा?" थोरली म्हणाली. "रोज येतोस, पण कधी बोलत न्हाईस. माहेरचं काय आणलंस?"

केरबाचा हात आपोआप पुढं झाला. सातींनी मिळून पदर पसरला. "माहेरची ओटी आली गं!" पोतं उलटं झालं, आन् काय सांगू! आतनं पांढरीशुभ्र कमळं! एकामागनं एक पाण्यावर तरंगाय लागली. केरबा दगडावर बसून बघत राहिला. हसलासुद्धा. त्याला वाटलं, आपण मोठं पुण्य केलं.

मग उठला, घरच्या वाटेला लागला. चालला, चालला, तर पुढं डोहच! परत फिरला. परत डोह! चकवा लागला हो! आन् दर खेपेला पाणी वर. घोट्यापर्यंत. गुडघ्यापर्यंत. कमरेपर्यंत! खाली बघतो तर पाणी काचंसारखं, आन् तळाशी आपलं अख्खं गाव झोपलेलं. कौलं, देऊळ, त्याचं घर. घरात दिव्याखाली मालन, पदर पसरून बसलेली.

थोरली म्हणाली, "दादा, रीत ठावी हाय न्हवं? ओटी घेतली की त्यातलं चार दाणं माघारी द्यायचं. उद्या तुझ्या लेकीची ओटी. हे आमच्याकडनं."

तिनं एक कमळ उचलून खाली सोडलं. ते हळूहळू मालनच्या पदराकडं निघालं. आन् केरबाला दिसलं, ते कमळ न्हवतंच! मान लोंबती, चोच वासलेली, किडं वळवळत्यात!

"न्हाई! न्हाई! तिला नगं!" केरबा वरडला. "आयांनो, समदं माघारी द्या!"

"भरलेली ओटी माघारी मागतोस?" सातीजणी हसल्या. "कसला भाऊ रं तू!"

मग केरबानं काय करावं? मिशीवाला बाप्या, त्यानं धोतराचा सोगा पसरला! हसू नका गं, हसायची गोष्ट न्हाई. म्हणाला, "रितीनंच द्या. पण तिच्या न्हाई, माझ्या ओटीत घाला. पयल्या दिसापासनं जेवढं टाकलंय, तेवढं समदं घाला."

बायांनी पाण्यात हात घातलं. मग एकेक ओंजळ पडाय लागली. आजचं पडलं, कालचं पडलं, महिन्याभराचं कुजलेलं पडलं. सोगा जड, जड, धोंड्यासारखा! पाणी छातीला आलं. हनुवटीला आलं.

"सोड रं दादा, सोगा सोड," धाकटी गोड आवाजात म्हणाली. "हलका हुशील. तरशील."

त्यानं सोडला न्हाई. पाणी नाकात गेलं, तरी सोडला न्हाई. आन् तेवढ्यात तांबडं फुटलं.

बाया गेल्या. केरबा काठावर पालथा पडलेला, मुठीत सोगा, आन् भोवती त्या समद्या घाणीचा ढीग. उठला आन् पळत सुटला. घरी आला तर मालन उंबऱ्यात, पाण्याचा तांब्या ओठाला लावतीया! त्यानं असा हात मारला, की तांब्या अंगणात गडगडत गेला.

"आबा! काय झालं?"

पाण्यात पाल पडलीया म्हणला असता, तर झाकून गेलं असतं. पण म्हणला न्हाई. ओल्या अंगानं तिच्यापुढं मटकन खाली बसला. "म्याच घाण घातलीया पाण्यात, पोरी. म्याच."

मग गल्लीनं दारोदार हिंडला. "आडाचं पाणी पिऊ नका! घाण म्या टाकलीया!" हौसा दारात आली, खांद्यावर ते तान्हं. पोर पुढं वाचलं, पण तवा कुणाला ठावं? तिनं शिवी दिली न्हाई, धोंडा मारला न्हाई. नुसती बघत राहिली, आन् दार लावून घेतलं. सात आसरांपुढं, त्या डोहातल्या बायांपुढं, सोगा न सोडणारा गडी त्या बंद दारापुढं उंबऱ्याला डोकं टेकून रडला. त्याच दिवशी त्यानं माळावर पहार घातली. हाताला फोड आलं, पण खड्डा पुरुषभर खोल खणला, आन् काठावरचा समदा ढीग त्यात पुरला.

म्हणून सांगते, करंजाच्या वाटेनं पोतं घेऊन कधी जाऊ नका. आसरा दिलेलं समदं पदरात घेत्यात. पण ठेवून घेत न्हाईत, माघारी देत्यात.