गाण्याच्या मधलं बोलणं

बसा ताई, बसा — खुर्चीवरच्या त्या वायरी खाली टाका, बिनधास्त टाका — दुसऱ्या उपासनेला अजून वीस मिनिटं आहेत, आणि प्रार्थना काय, करूच की आपण मुलीसाठी. आहे कुठे ती? बाहेर आजीजवळ? बरं. गाण्याबद्दल बोललात ते ऐकून बरं वाटलं, खोटं कशाला सांगू — अकरा वर्षं झाली त्याला, अजून कुणी ना कुणी येतं, हात धरतं, म्हणतं, तुमच्या गाण्यानं आमचं घर तारलं. मी मान खाली घालतो. लोकांना वाटतं, एवढा मोठा झाला पण केवढा नम्र! — पण थांबा, दारातून येताना तुम्ही काय म्हणालात? पुन्हा सांगा. मुलीच्या गोळ्या बंद केल्यात? फिटच्या? कधीपासून — नऊ दिवस? आणि डॉक्टरांना... नाही सांगितलं. माझं गाणं ऐकून. म्हणजे गाणं नाही, गाण्याच्या मधलं ते बोलणं ऐकून. हो, तेच असणार. गाण्यात तर गोळ्यांचं काहीच नाही.

नाही, रागावलो नाही मी. तुमच्यावर तर नाहीच. तुम्ही ऐकून घ्या फक्त. मी काही जन्माचा भक्त नव्हे हो — हॉटेलात गिटार वाजवायचो, लोक माझ्याकडे पाठ करून जेवायचे. आईनं दंडाला धरून इथे चर्चच्या मंडळीत आणून बसवलं, म्हणाली, इथे निदान तोंड तुझ्याकडे करून बसतात. तेवढं खरं निघालं. मग गाणी सुचायला लागली, बोलावणी यायला लागली, आणि एक दिवस ते रेकॉर्डिंग — भरलेला हॉल, चार कॅमेरे. तिसरं गाणं संपत आलं आणि कीबोर्डवर माझा मेहुणा होता, त्यानं सूर तसाच धरून ठेवला. आमच्या कामात ही जागा फार वाईट, ताई. खाली सूर चालू आहे, लोकांचे डोळे मिटलेले, हात वर, आणि सगळे वाट बघताहेत की हा आता काहीतरी बोलेल. गप्प राहवतच नाही. त्याच सकाळी आईला दवाखान्यातून घरी सोडलं होतं. डॉक्टर काय म्हणाले होते? हृदय अशक्त आहे, गोळ्या जन्मभर, एक दिवस चुकवायची नाही. आणि मी काय म्हणालो? तुम्हाला पाठच आहे. ‘डॉक्टरांनी हात टेकले होते, पण आज माझी आई पूर्ण बरी होऊन घरी बसलीय — आता गोळी नाही, सुई नाही!’ उचलली जीभ लावली टाळ्याला. हात कुणीच टेकले नव्हते. हॉल रडला, मीही रडलो. आणि ते रडू खरं होतं हो, तेच तर वाईट.

मग काय, ते गाणं घरोघरी गेलं. लोक आईला बघायला यायचे. तीही नवी साडी नेसून बसायची, सांगायची, हो, माझ्या मुलाच्या गाण्यात आहे ते सगळं खरं आहे. दीड महिन्यानं गेली. स्वयंपाकघरात, ओट्यापाशी. मी दुसऱ्या गावी स्टेजवर माइक तपासत होतो. गोळ्या तिनं सोडल्या होत्या, ते आम्हाला मागाहून कळलं...

नाही. हे मी सगळ्यांना सांगतो. बायकोलाही हेच सांगितलंय. मला मागाहून नाही कळलं. आठच दिवसांत कळलं होतं. केराच्या डब्यात काहीतरी टाकायला गेलो, तर भाजीच्या सालांखाली पाकीट, एकही गोळी काढलेली नाही. आई मागेच उभी होती. अगदी साधेपणानं म्हणाली, “तू एवढ्या लोकांसमोर बोललास ना? मग मी तुला खोटं पाडू?” — आणि मी डब्याला झाकण लावलं. बस. झाकण लावलं आणि हात धुतले. का? त्या आठवड्यात तीन कार्यक्रम होते. ती दिसतही छान होती. आणि मनात एक असंही होतं की, काय सांगावं, असेलही खरं. मूग गिळून बसलो, ताई. पाच आठवडे तिच्यासमोर बसून जेवलो.

लोक म्हणाले, देवानं आधी तिला बरं केलं, मगच नेलं. म्हणाले ते म्हणाले, मी मान डोलावली. एकदा ठरवलं, ते बोलणं गाळायचं. सूर धरला गेला, मी तोंड मिटून उभा राहिलो — तर हॉलच बोलायला लागला. तीनशे माणसं, एका आवाजात, माझ्याच थांबण्यासकट. आता गोळी नाही, सुई नाही. काय करणार होतो मी? पुढचं कडवं उचललं.

देवाचं काय म्हणता? देवाला मध्ये आणू नका. हे त्यानं कधी म्हटलंच नव्हतं, मी म्हटलं होतं. प्रार्थना करा, खुशाल करा, पण गोळीसकट करा. आता इथूनच डॉक्टरांना फोन लावा, नऊ दिवस चुकल्यात म्हणून सांगा, आज किती द्यायची ते विचारा. लाजू नका. डॉक्टर बोलतील, बोलू द्या. हां, ही पाण्याची बाटली घेऊन जा.

— हो, आलोच! दोन मिनिटं!

काय म्हणालात? हे सगळं आज तिथे उभं राहून सांगेन का?

तिसरं गाणं तेच आहे, ताई. मुलीला घ्या आणि या मागच्या दारानं जा. हॉलमध्ये बसू नका. मी ते मधलं बोलणं म्हणणार आहे. जा.