घशाचं सर्टिफिकेट

राजारामपुरीत घशाच्या डॉक्टरांकडं नंबर लावून बसलो होतो. शेजारच्या बाकावर दोन म्हातारे होते, कव्वाल दस्तगीरभाई आणि त्यांचा ढोलकवाला अण्णासो.

"दस्तगीरभाई, आत गेल्यावर गप बसू नका. घसा ठणठणीत हाय, असं डॉक्टरांकडनं लिवूनच घ्या."

"कशाला रं?"

"कशाला म्हंजे? उरुस कमिटीच्या तोंडावर मारायला! चाळीस वर्सं दर्ग्याच्या पायरीवर पयली कव्वाली तुमचीच. आणि औंदा म्हनं, चाचांचा आवाज थकलाय!"

"शाल दिली की त्यांनी."

"शाल काय चाटायची हाय? तुमाला स्टेजवर खुर्चीत बसवलं आणि तुमचीच जुनी कॅसेट स्पीकरवर लावली! जित्या माणसासमोर!"

"हळू बोल, लोक बघाय लागल्यात."

"बघू देत की! मी ढोलक मांडीवर घिऊन खाली गप बसलोय, आणि कॅसेटमधी मीच वाजवतोय. ह्यो काय मान झाला? तुमी उठून का न्हाई आला?"

"उठणारच हुतो. तेवढ्यात लोकांनी जोरात वाहवा केली."

"मग?"

"सवयीनं माझा हात कपाळाला गेला, सलाम करायला."

"आणि?"

"माझ्याकडं कुणीच बघत नव्हतं, अण्णासो. समदी स्पीकरकडं बघत हुती. मग मीबी हात खाली घेतला आणि तिकडंच बघत बसलो."