न बोलावता येणारा सोलरवाला

पुरवणी जबाब

टेलरकाकू या नावाने ओळखल्या जाणाऱ्या, वय ५८ वर्षे, धंदा घरगुती शिवणकाम, राहणार दुसरा मजला, पाण्याच्या टाकीसमोर.

मी ठाण्यात स्वतः हजर राहून, विचारल्यावरून सांगते की, वरील पत्त्यावर मी व माझे पती असे दोघेच राहतो. पतींची फुप्फुसं निकामी होत आली आहेत. दिवसातले अठरा तास त्यांना ऑक्सिजनच्या मशीनवर राहावं लागतं. आमच्याकडे दुपारी लाइट जाते, म्हणून चार वर्षांपूर्वी गच्चीवर सोलरच्या आठ प्लेटा बसवल्या. इन्व्हर्टर व बॅटरी जिन्यालगतच्या खोलीत आहे.

बसवणारी कंपनी गेल्या वर्षी बंद पडली. फोन लागेना म्हणून मी दुकानावर गेले, तर तिथे चपला विकायला मांडलेल्या. आता या डबड्याला वाली कोण, असं वाटून मी इन्व्हर्टरला जाड कापडाचं, आतून अस्तर लावलेलं, मापात बसणारं कव्हर शिवलं. धूळ नको आणि येणाऱ्याजाणाऱ्याची नजरही नको.

या महिन्याच्या ३ तारखेला सकाळी अकराच्या सुमारास बेल वाजली. दारात कंपनीचा जुना मेकॅनिक. म्हणाला, "काकू, तुमचं सोलर साडेनऊपासून बंद आहे. बघू का?" लाइट होती म्हणून मला घरात बसून कळलं नव्हतं, मग याला बाहेर कसं कळलं? त्याने आत जाऊन कव्हर काढलं, पंधरा मिनिटांत मशीन चालू. जाताना म्हणाला, "हे घालू नका, आत गरम होऊन बंद पडतं." चहासुद्धा नको म्हणाला. फुकट काम करून वर चहा नको म्हणणारा माणूस मी तरी अजून पाहिलेला नाही. तो गेल्यावर मी कव्हर परत घातलं.

७ व ११ तारखेला हेच घडलं. मशीन बंद, की हा दारात हजर, आणि जाताना कव्हर घालू नका हेच. मी तोंडावर विचारलं, "तुला बोलावलं कोणी?" तर म्हणे, "कंपनी गेली काकू, पण बसवलं तर मीच होतं ना." पती आतून म्हणाले, "अगं, भला माणूस आहे." आमच्या ह्यांना सगळेच भले वाटतात. माझी खात्री झाली की हाच मोबाइलवरून मशीन बंद करतो आणि मग साळसूदपणे दुरुस्त करायला येतो. आज फुकट, उद्या डोक्यावर बसेल.

१२ तारखेला मी याच ठाण्यात तक्रार दिली. त्याला बोलावलं गेलं. साहेबांसमोर त्याने मोबाइल उघडून दाखवला. बसवताना कंपनीने सगळी घरं त्याच्या मोबाइलला जोडली होती. कुठे बंद पडलं की त्याला मेसेज येतो. "मला नुसतं दिसतं, बंद करता येत नाही," असं त्याचं म्हणणं. मी म्हटलं, "मग आमचं घर काढ." तो म्हणाला, "आधी तुमच्या मोबाइलवर घेऊ, मग काढतो." मी माझ्या मोबाइलला हात लावू दिला नाही. त्याने माझ्या डोळ्यांदेखत आमचं घर काढलं. निघताना पायरीवर पुन्हा म्हणाला, "काकू, तेवढं कव्हर..." मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. त्याची चांगली जिरवली म्हणून मला बरं वाटलं.

१९ तारखेला दुपारी एक वाजता मी शिवलेले कपडे द्यायला बाहेर पडले. ज्यांचे कपडे होते त्या बाईंनी कमरेत घट्ट होतंय म्हणून थांबवून घेतलं. मी घरी पोचले तेव्हा दोन वाजले होते. लाइट गेलेली होती. ऑक्सिजनची मशीन बंद होती. पती पलंगावर नव्हते, दाराजवळ जमिनीवर होते.

संध्याकाळी दवाखान्यातून कपडे न्यायला घरी आले, तेव्हा कव्हर काढून पाहिलं. सकाळी दहा वाजून पाच मिनिटांनी बंद, असं इन्व्हर्टरवर दिसत होतं. दहा ते एक मी घरातच शिवत होते. दारावर कोणी आलं नाही.

पती डोळे उघडतात. मला ओळखतात की नाही, हे डॉक्टरांना सांगता येत नाही. मेकॅनिकवर माझा कसलाही संशय राहिलेला नाही. त्याच्याविरुद्धची तक्रार मी मागे घेत आहे.

हे सगळं मला मोठ्याने वाचून दाखवलं. त्यात तक्रार "गैरसमजातून" दिली असा शब्द आला, तो मी खोडायला लावला. कव्हरचं त्याने मला तीनदा समजावून सांगितलं होतं. बाकी मजकूर मी बोलले तसाच आहे.