जाळीत ठेवलेला आवाज

नाही, नाही, शैलजाताई, स्क्रू काढण्यापूर्वी माझे ऐकून घ्या — संगणक बिघडलेला नाही. बिघडला असता तर सुरू झाला नसता. तो सुरू होतो, टपाल उघडतो, आमच्या मुलीचे, विभावरीचे, नागपूरचे फोटो दाखवतो. फक्त वाचून दाखवत नाही. मुका झाला आहे. टेलिफोनवर मी नेमके हेच सांगितले होते आणि तुम्ही म्हणालात, अंकलजी, स्पीकर गेला असेल. स्पीकर गेलेला नाही. गाणे लावून पाहा — वाजले ना? मी उगाच बोलत नाही. बसा. ती खुर्ची नको, तिचा पाय डगमगतो. ह्या खुर्चीवर बसा. मदन महलहून ह्या उन्हात आलात, आधी पाणी घ्या. शेवंता! — राहू दे, मीच देतो. कुकर लावला आहे तिने, तिला ऐकू येणार नाही.

हो, सफाई केली. रजिस्ट्री क्लीनर चालवला. हसू नका, चेहऱ्यावर दिसले मला. रजिस्ट्री म्हणजे काय, हे तुम्हाला मी काय सांगावे — तरी सांगतो, कारण मी ते वाचून काढले आहे. कारखान्याच्या हत्यारघरात कशी नोंद असते, कोणते हत्यार कोणत्या कपाटात, कोणाच्या नावावर — तशी ही संगणकाची नोंद. नोंद पुसली तरी हत्यार कपाटातच असते, पण ते तिथे आहे हे कोणाला कळत नाही. बरोबर? बरोबरच आहे. आता, सफाईचा फायदा नाही असे मी म्हणणार नाही. आमचा जुना प्रिंटर भंगारात गेला, तरी हा रोज सकाळी त्याची आठवण काढायचा — अमुक फाईल सापडत नाही, ठीक आहे? ठीक आहे, म्हणून दाबायचे, तेव्हा पुढे सरकायचा. सफाई केली आणि ते बंद झाले. हा फायदा मी डोळ्यांनी पाहिला. वेग वाढतो म्हणतात — तो मात्र मला दिसला नाही. पूर्वी चहा उकळेपर्यंत सुरू व्हायचा, आताही चहा उकळेपर्यंतच होतो. आणि धोका? धोका असा की पुसणाऱ्याला वापरातली नोंद आणि मेलेली नोंद ह्यांत फरक कळेलच, असे नाही. एखादी चुकीची पुसली गेली की — तसेच झाले असावे. सॉफ्टवेअरच्या हातून झाले असावे. दुसरे काय?

तुम्ही म्हणाल, मग चालवलाच कशाला? अहो, त्याने शेकडो दोष दाखवले! लाल अक्षरांत! मी आयुष्यभर एक्झामिनर होतो, ताई. माल माझ्या टेबलावरून गेल्याशिवाय पुढे जात नसे. शाळा सातवीत सुटली, पुढचे सगळे स्वतः वाचून, साहेबांच्या नाकावर टिच्चून. दोष म्हटला की माझा हात आपोआप उठतो. अर्थात — हे मी दुसऱ्या कोणाला सांगणार नाही — आमच्याकडे ज्या मापाच्या गेजने माल तपासायचा, तो गेजसुद्धा ठरलेल्या मुदतीने तपासून यायचा, त्यावर शिक्का असायचा. शिक्का नसलेला गेज मी हातात धरला नसता. ह्या फुकटच्या सॉफ्टवेअरला मी शिक्का विचारला का? नाही विचारला. आणि दुसरा नियम त्याहून मोठा — एक्झामिनरने माल नापास करायचा, नष्ट करायचा नाही. नापास तुकड्यावर लाल रंगाचा पट्टा ओढायचा आणि तो जाळीत, कुलूपबंद पिंजऱ्यात, ठेवायचा. दुसरा एक्झामिनर येऊन पुन्हा पाहील, तेव्हाच त्याचे काय ते ठरणार. कारण माणूस आहे, त्या दिवशी त्याचे डोके ठिकाणावर नसेल, घरी भांडून आला असेल. नियम करणाऱ्यांना माणूस ठाऊक होता.

काय शोधता? वाचणारीची सीडी? सीडी नव्हती. विभावरीने पैसे भरून इंटरनेटवरून उतरवून घेतली होती, मागच्या दिवाळीत आली तेव्हा. मराठीत वाचणारा आवाज. बाईचा आहे. ती कंपनी आता बंद पडली, विभावरीने चौकशी केली, पुन्हा मिळणे नाही. आणि ही कळ पाहिलीत? हिच्यावर सदऱ्याचे बटण चिकटवले आहे ना — ते विभावरीने, तिच्या आईसाठी. शेवंताला अक्षरओळख नाही. बोटाला बटण लागले की दाबायचे, वाचणारी सुरू. पुन्हा दाबायचे, बंद. एवढे सोपे. तिला वाचायला का नाही शिकवले, म्हणता? — तुम्ही म्हणाला नाहीत, खरे आहे, लोक म्हणतात. बसलो होतो शिकवायला, एकदोन वेळा. पाटी घेऊन. ती उठून गेली. माझा आवाज थोडा — कारखान्यात यंत्रांच्या वर बोलायची सवय असते.

पण मी वाचून दाखवत आलो, हे लिहून घ्या! लग्न झाले तेव्हापासून. राज्ये वेगळी झाली, नागपूर महाराष्ट्रात गेले, आम्ही नोकरीमुळे इकडे राहिलो. जबलपुरात मराठी पुस्तक मिळायचे कुठे? दरवर्षी दीक्षाभूमीला जायचे ते रिकामी पिशवी घेऊन, आणि यायचे ते पुस्तकांनी खांदा मोडून. मग वर्षभर रात्रीचे जेवण झाले की मी वाचणार, ती तांदूळ निवडत ऐकणार. नुसते वाचत नसे मी — समजावून सांगत असे. एक पान झाले की थांबायचे, शेवंता, लेखकाला इथे काय म्हणायचे आहे, सांग. इतिहास, समाजशास्त्र, बुद्धाचा धम्म — ह्या गल्लीत कोणत्या बाईने इतके ऐकले असेल? एकीनेही नाही.

आणि ही वाचणारी काय वाचते, ठाऊक आहे? इंटरनेटवरची एक लांबलचक कादंबरी. नर्मदा नावाची बाई सासर सोडून ट्रंक घेऊन बसस्थानकावर उभी आहे, इथपर्यंत आली आहे. आता बस येणार की नवरा येणार — एवढीच काय ती उत्सुकता! सपाट वाचते हो. मेले तरी त्याच सुरात, लग्न झाले तरी त्याच सुरात. स्वल्पविरामाला थांबेल तर शपथ. आणि ही पोळ्या लाटता लाटता हसते! मी विचारले, ह्यात तुला काय गोडी वाटते? तर म्हणते कशी — “तुम्ही वाचता तं मले परीक्षा देऊन राहिल्यासारखं वाटते. हे बाई काही इचारत नाही, गुमान वाचते.” गुमान वाचते! पन्नास वेळा सांगितले, शेवंता, ‘देऊन राहिल्यासारखं’ नव्हे, ‘दिल्यासारखं’; ‘इचारत’ नव्हे, ‘विचारत’ म्हण — जाऊ द्या. सांगायचे हे, की दिवाळीपासून आजपर्यंत तिने मला एकदाही वाचा म्हटले नाही. चष्मा पुसून बसायचो मी. तांदळाचे ताट घेऊन ती संगणकापाशी.

हं. तर तांत्रिक भाग. सफाईची यादी येते, ओळीपुढे चौकट, चौकटीत खूण. ज्या नोंदीबद्दल त्याची स्वतःचीच खात्री नसते ती पिवळ्या रंगात, पुढे लिहिलेले — शंकास्पद, राहू द्यावी. तिथे तो खूण करत नाही, हे त्याच्या बाजूने सांगितले पाहिजे. वाचणारीची ओळ पिवळीच होती, म्हणून तर — 

काय?

हो, पिवळी होती. म्हणजे — खूण नव्हती. मग खूण कोणी केली, असे तुमचे म्हणणे. तुम्ही फार बारकाईने ऐकता, ताई. एक्झामिनर व्हायला हव्या होतात. — चहा ठेवू का? नको? साखर कमी घालतो. — हळू बोला. कुकरची शिट्टी झाली, आता तिला ऐकू येते.

ती आली, सफाईच्या दुसऱ्या दिवशी. पदराला हात पुसून बटण दाबले. टक्. काही नाही. पुन्हा टक्. मी पेपर डोळ्यांसमोर धरून बसलेला. मला वाटले, आता म्हणेल, अहो, तुम्ही वाचा. मी ती कादंबरीसुद्धा वाचली असती! तयारी केली होती मी, पुढची तीन प्रकरणे मनातल्या मनात वाचून ठेवली, कुठे थांबायचे नाही हेही ठरवले. ती काय म्हणाली? “माही वाचणारी काहून बोलून नाही राहिली?” एवढेच. मग ताट घेऊन आत गेली. तेव्हापासून स्वयंपाकघरात आवाज नाही. भांड्यांचा आहे, तिचा नाही. आणि रोज सकाळी एकदा येऊन दाबून जाते — टक् — बाजूच्या घरचे कोणी आजारी असावे आणि चौकशी करून जावे, तशी.

हे काय करता? फॉरमॅट? सगळे पुसून नव्याने भरणार? मग वाचणारीची फाईल? — तीही जाणार. कायमची? — थांबा. थांबा म्हणतो ना! हात काढा तिथून. तुम्ही आजकालची माणसे, काही अडले की फॉरमॅट. आधी म्हणालो ना, हत्यार कपाटातच असते! नोंद तेवढी नाही. नोंद परत लिहिली की — कुठून लिहिणार, म्हणजे?

सफाईपूर्वी ते सॉफ्टवेअर विचारते, पुसायच्या नोंदींची प्रत ठेवायची का. शंभरातले नव्वद लोक नाही म्हणतात, तिथेच त्यांचा घात होतो. धोक्यावर उपाय म्हणाल तर तो एवढाच आहे. मी — ती चष्म्याची डबी द्या इकडे. चष्म्याखाली पाहा. हो, पेनड्राईव्ह. डोळे मोठे करू नका. मी आयुष्यात एक तुकडा नष्ट केलेला नाही, ताई. नापास केला असेल. जाळीत ठेवला आहे. दुसरा एक्झामिनर यायचा होता. तुम्ही आलात.

उघडा तो. एकच फाईल आहे. दोनदा दाबा. विचारतो आहे ना, नोंदीत भर घालायची का? हो म्हणा. — माझ्याकडे काय पाहता, हो म्हणा! आता बंद करून सुरू करा. होतो हळूहळू. चहा उकळेपर्यंत. — विभावरीला कळवू नका हे. आणि हिला — हिला सांगा, रजिस्ट्रीत दोष होता. खोटे नाही ते. दोष होताच.

आला. आता बटण दाबा — नाही, तुम्ही नको. मीही नको. शेवंता! अगं, इकडे ये जरा. ह्या ताईंनी — ये, हात ओले असले तरी चालतील. दाब.

…

बसस्थानकावरच आहे अजून. ट्रंकेवर बसली आहे. बघा, कशी वाचते, जिथे थांबली होती तिथूनच — अगं शेवंता, इथे जरा थांबायला हवे, हे जे वाक्य आहे ना, इथे तिच्या मनात —

नाही. काही नाही. चालू दे तू.

तुम्ही या आता, शैलजाताई. पिशवी घ्या. तुमचे जे काही होईल ते संध्याकाळी दुकानात आणून देतो, आता बोलू नका. आणि दार हळू ओढा. ती ऐकून राहिली.