साहेबांचा आकडा

डोळ्यांच्या दवाखान्यात परिचारिकेने थेंब घालून मास्तरीणबाईंना डोळे मिटून बसवलं होतं. शेजारच्या दोन म्हाताऱ्यांचं बोलणं तेवढं कानावर पडत होतं.

“साहेब, नौदलाच्या कचेरीतला आपला बिस्किटांचा डबा आठवतो?”

“न आठवायला काय झालं? चिनी जहाजावरचं क्षेपणास्त्र विमानाला खरोखर किती लांबून गाठेल, त्याच्या अंदाजाच्या चिठ्ठ्या टाकायचो त्यात. सगळ्यात धाकट्याने आधी, मी शेवटी.”

“माहितीपत्रकात दीडशे किलोमीटर. आम्ही चाळीस लिहायचो. पाण्यालगत खालून उडणारं विमान त्यांच्या रडारला लांबून दिसणारच कसं?”

“पृथ्वीच्या गोलाईआड. हिशेब बरोबर होता तुमचा.”

“मग तुम्ही दरवेळी नव्वद का लिहायचात? पाठीमागे हसायचो आम्ही.”

“ठाऊक होतं की. माझा पोरगा तेव्हा नौदलाच्या विमानावर होता.”



“कधी बोलला नाहीत, साहेब.”

“बोललो असतो, तर तुम्हीही नव्वदच लिहिलं असतं.”

दारातून पावलं वाजत आली, पाठोपाठ पुरुषाचा आवाज.

“चला बाबा. गाडी जरा लांब लावलीय, पन्नास पावलं असतील.”

“शंभर तरी असतील,” साहेब म्हणाले, आणि काठी फरशीवर टेकली.