पत्र्यावरचा शिपाई

सन्माननीय अध्यक्षमहोदय, प्रमुख पाहुणे, आमच्या संग्रहालयाचे संचालकसाहेब, सहकारी मित्रहो आणि समोर बसलेल्या बंधू-भगिनींनो,

हार घातलात, मानपत्र वाचलंत, त्यात मला ‘नजरेचा पक्का’ म्हटलंत. ऐकताना माझी मान खाली गेली. काहींना तो विनय वाटला असेल. तो विनय नव्हता, हे आधीच सांगून टाकतो.

एकतीस वर्षं मी साध्या शिपायांचे जुने फोटो जमवले. भंगारातून, जुन्या बाजारातून, कुणाच्या मोडक्या पेटीतून. सेनापतींचं बरं असतं, त्यांची नावं चौकटीवरच कोरलेली असतात. शिपाई कोण, हे मात्र बटणांवरून, पट्ट्यावरून, टोपीवरून काढावं लागतं.

अकरा वर्षांपूर्वी शिवणकाम करणाऱ्या एक म्हाताऱ्या बाई आल्या. ब्लाउजच्या कापडात गुंडाळलेला, पत्र्यावर काढलेला फोटो घेऊन. म्हणाल्या, “हे माझे वडील. लढाईला गेले ते आलेच नाहीत. भाऊबंद म्हणतात, घर टाकून पळाला. ते शिपाई होते, एवढं लिहून द्या.”

मी भिंग लावलं. कोटाची बटणं भलत्या बाजूला, काडतुसांची पिशवीही भलत्याच कमरेला. म्हटलं, “बाई, असा शिपाई नसतो. भाड्याचा पोशाख घालून हौसेनं काढलेला फोटो आहे हा.”

“साहेब, जन्मभर कोट शिवतेय. असा कोट कुठला शिंपी बेतणारच नाही. फोटोच उलटा आला असेल.”

मी हसलो. संचालकसाहेब, तुम्ही शेजारीच होता, तुम्हीही हसलात. मग मी शिक्क्यानिशी लिहून दिलं आणि तो कागद भाऊबंदांनी गल्लीभर फिरवला. फोटो बाईंनी परत नेला नाही. “आता घरात कुठल्या तोंडानं लावू?” म्हणाल्या. आम्ही तो दालनात लावला, खाली पाटी ठोकली: ‘शिपायाच्या वेशातील हौशी गृहस्थ’. शाळांच्या सहली त्या पाटीपुढे थांबून हसतात.

आता ऐका. पत्र्यावरचा फोटो आरशासारखा उलटाच येतो. आमच्या कामातला हा पहिला धडा. त्या दिवशी तो मी विसरलो, आणि बाईंनी आठवण करून दिली तेव्हा माझा शहाणपणा आडवा आला.

दोन वर्षांपूर्वी त्याच फोटोवाल्याचा दुसरा पत्रा हाती लागला. त्यात दुकानाच्या नावाची अक्षरं उलटी. लगेच बाईंचा फोटो आरशासमोर धरला. हातच्या कांकणाला आरसा कशाला म्हणतात. मला लागला, आणि तोही नऊ वर्षं उशिरा. बटणं जागेवर, पिशवी जागेवर, आणि टोपीवरची नक्षी समजून मी जी सोडून दिली होती, तो निघाला पलटणीचा आकडा. त्या पलटणीच्या यादीत बाईंच्या वडिलांचं नाव आहे. पुढे शेरा: ‘लढाईत पडला’. ती यादी मी तेव्हा उघडलीही नव्हती.

धावत बाईंच्या घरी गेलो. सुनेनं दार उघडलं. म्हणाली, “सासूबाईंना जाऊन आठ महिने झाले.”

पाटी बदला म्हणून मी तीन अर्ज केले. साहेब म्हणाले, “पुस्तिका छापून झालीय. झाकली मूठ सव्वा लाखाची.” कुणाची मूठ, साहेब?

आज सकाळी ती पाटी मी उतरवली. ही पाहा. तिथे आता त्या शिपायाचं नाव आहे. बाईंच्या सूनबाई शेवटच्या रांगेत बसल्या आहेत, मीच बोलावलंय. नाव काढायचं असेल तर त्यांच्यादेखत काढा.

आयोजकांचे मनापासून आभार. भाषण लांबलं, जीभ कडू झाली, तेवढं सभागृहानं पोटात घालावं. बाकीची क्षमा ज्यांच्याकडे मागायची, त्यांना त्या दिवशी मी साधं ‘बसा’सुद्धा म्हटलं नव्हतं.